रबराचं सेस्ना विजेवर: २४ इंची बाल्सा किटचं ८० ग्रॅममधलं रेडिओ कंट्रोल रूपांतर

गिलोज ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेकफिल्डची कंपनी, १९२६ मध्ये पॉल गिलो यांनी सुरू केलेली. तिच्या सेस्ना १७० किटचा पंखविस्तार २४ इंच, म्हणजे ६१० मिमी, आणि प्रमाण १:१८. पेटीत बाल्साच्या (एका अतिशय हलक्या लाकडाच्या) काड्या, कापलेल्या पट्ट्या, टिश्यू कागद, आराखडा, प्लास्टिकचे काही भाग आणि रबराचा पट्टा असतो. रबर पिळून सोडायचं आणि विमानाने थोडा वेळ उडून आपलं आपण उतरायचं, हा किटचा मूळ हेतू. त्याच सांगाड्यात मोटार, बॅटरी, रिसीव्हर आणि दोन सर्वो (शेपटीच्या कडा हलवणाऱ्या छोट्या मोटारी) बसवून ते हातातल्या ट्रान्समीटरवर उडवायचं, हे या प्रकरणातलं काम.

अशी रूपांतरं फसतात ती बहुधा एकाच कारणाने. किट आधी सूचनापत्रकाबरहुकूम पूर्ण बांधलं जातं, कागद लागतो, रंग चढतो, आणि मग सामान कुठे कोंबायचं हा प्रश्न पडतो. तोवर वजन ११० ग्रॅमकडे निघालेलं असतं आणि त्यातलं नको तेवढं शेपटीत जाऊन बसलेलं असतं. म्हणून या कामाची सुरुवात पेटी उघडताक्षणी, डिंकाचा पहिला थेंब पडायच्या आधी, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या डिजिटल काट्यावर होते.

८० ग्रॅमच का

खऱ्या सेस्ना १७० च्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण १७५ चौरस फूट. १८ च्या वर्गाने, म्हणजे ३२४ ने भागलं की ०.५४ चौरस फूट येतं. आपल्या हिशोबात ५ चौरस डेसिमीटर. खऱ्या विमानाचं कमाल वजन २,२०० पौंड. ते १८ च्या घनाने भागलं तर १७१ ग्रॅम येतात, पण त्या आकड्याच्या मोहात पडू नये. ८२ मिमी सरासरी रुंदीचा पंख ताशी २३-२४ किमी वेगाने चालला की त्याचा रेनॉल्ड्स अंक (पंखाची रुंदी आणि वेग यांवरून निघणारा, हवेचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा) जेमतेम ३५,००० भरतो. इतक्या खाली पंख लवकर दम तोडतो. त्याचा कमाल उचल-गुणांक ०.९ च्या वर धरायची हिंमत करू नये.

तेवढा धरला तर ८० ग्रॅमचं विमान ताशी १९ किमीच्या खाली स्टॉल होईल, म्हणजे पंखाची उचल तुटून खाली येईल, ११० ग्रॅमचं २३ च्या खाली. चारच किलोमीटरचा फरक दिसतो. पण वळणात ४५ अंश कललेल्या विमानाचा स्टॉल वेग १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जड विमानाला वळताना ताशी २७ किमी लागतात, आणि एवढ्याशा मैदानात त्याच्यामागे धावायची वेळ येते. शिवाय पुण्यासारख्या समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीच्या गावात, ३० अंशांच्या दुपारी, हवा जवळपास दहा टक्के विरळ असते. तिथे हे सगळे वेग आणखी पाच टक्के वाढतात. ८० ग्रॅमला पंखभार दर चौरस डेसिमीटरला १६ ग्रॅम पडतो. नवशिक्याच्या हातातलं छोटं विमान सांभाळण्याजोगं राहतं ते इथपर्यंत.

वजनाचं अंदाजपत्रक

हा तक्ता कागदावर लिहून कामाच्या टेबलासमोर चिकटवावा, आणि प्रत्येक भाग तयार झाला की त्याचं खरं वजन शेजारी मांडावं.

लाकडी सांगाडा, डिंकासह: २२ ग्रॅम
टिश्यू आणि डोप (कागद घट्ट करणारं लॅकर): ४ ग्रॅम
मोटार, प्रॉपेलर, बैठक आणि स्क्रू: १३ ग्रॅम
स्पीड कंट्रोलर (६ अँपिअर): ५ ग्रॅम
रिसीव्हर: ३ ग्रॅम
दोन सर्वो, पुशरॉड (सर्वोची हालचाल शेपटीपर्यंत नेणाऱ्या काड्या) आणि हॉर्न (त्या अडकवायचे खुंट): ६ ग्रॅम
दोन सेलची १८० एमएएच लिपो बॅटरी: १३ ग्रॅम
लँडिंग गिअर आणि चाकं: ५ ग्रॅम
काउल (नाकावरचं आवरण), खिडक्या, झाकण: ४ ग्रॅम

बेरीज ७५. उरलेले ५ ग्रॅम राखीव, आणि ते आधीच खर्चलेले समजायचे: थोडे सोल्डरिंगला जातात, थोडे वेल्क्रोला, आणि तोल साधायला एखाद-दुसरा ग्रॅम लागतोच.

या तक्त्यात एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे अंतर. आराखड्यावर पट्टी ठेवून पाहिलं तर गुरुत्वमध्यापासून मोटार साधारण ९० मिमी पुढे आणि शेपटी २९० मिमी मागे पडते. म्हणजे शेपटीत वाढलेल्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅमहून जास्त शिसं घालून उत्तर द्यावं लागतं. शेपटीतला एक ग्रॅम विमानाला चार ग्रॅमला पडतो. पुढचे सगळे निर्णय या एका हिशोबातून निघतात.

लाकूड निवडणं

बाल्साचं वजन झाडागणिक बदलतं, आणि किटच्या पेटीतही हलकी-भारी लाकडं मिसळलेली असतात. १.५ मिमी जाडीची, ३ इंच रुंद आणि ३६ इंच लांब पट्टी ९ ग्रॅमची असेल तर लाकूड उत्तम हलकं, घनमीटरला ८० किलोच्या आसपास. १४ ग्रॅमची मध्यम. २१ ग्रॅमची जड, आणि ती फक्त नाकात वापरावी. पेटीतल्या पट्ट्यांतून सुटे भाग काढण्याआधी प्रत्येक पट्टी तोलून वजन पेन्सिलीने तिच्यावरच लिहावं.

शेपटीचे भाग ज्या पट्टीत छापलेले असतात ती जड निघाली, तर ती बाजूला ठेवून तेच आकार हलक्या पट्टीतून पुन्हा कापावेत. आराखड्याची झेरॉक्स काढून, तिचा कागद पट्टीवर चिकटवून, नव्या ब्लेडने कापलं की काम होतं. फक्त झेरॉक्स मूळ आराखड्यावर ठेवून लांबी जुळते का पाहावं. काही यंत्रं एक-दोन टक्क्यांनी लहान-मोठं करतात आणि मग खाचा जुळत नाहीत.

काड्यांचंही तसंच. एका टोकाला धरून आडवी केलेली काडी किती वाकते त्यावरून ताठ काड्या वेगळ्या काढाव्यात. ताठ काड्या पंखाच्या स्पारला (आडव्या कण्याला) आणि धडाच्या पुढच्या भागाला, हलक्या काड्या शेपटीला. धडाच्या डाव्या-उजव्या बाजूंचे लाँगेरॉन (लांबीच्या काड्या) सारख्याच ताठपणाचे घ्यावेत, नाहीतर धड केळ्यासारखं एका अंगाला वळतं.

लेसरने कापलेल्या भागांच्या कडा काळसर असतात. त्या करपलेल्या थरावर डिंक नीट धरत नाही, म्हणून ४०० नंबरचा पॉलिश पेपर एकदा हलकेच फिरवावा. जोडांना पाण्याने सैल केलेला पांढरा फेव्हिकॉल पुरतो, आणि तोही सुईच्या टोकाने लावायचा. फेव्हिक्विकसारखा सायनो डिंक झटपट आहे, पण जोडाबाहेर सांडलेला थेंब दगडासारखा होतो. घासताना शेजारचं लाकूड झिजतं आणि थेंब तसाच राहतो.

धडातून काय काढायचं

पिळलेल्या रबराचा ताण नाकापासून मागच्या खुंटीपर्यंत सगळं धड दाबत असतो. त्यासाठी मागे खुंटीच्या दोन्ही अंगांना जाड पट्ट्या दिलेल्या असतात. विजेवर तो ताण नाहीच. त्या पट्ट्या गाळून तिथे साध्या काड्या बसवल्या की मागचं वजन आपोआप उतरतं. मधल्या फॉर्मरची (धडाला आकार देणाऱ्या आडव्या चौकटींची) भोकं रबराच्या मानाने मोठीच असतात, पुशरॉड त्यातून सहज जातात.

वजन वाढवायचं ते पुढच्या तिसऱ्या हिस्स्यात. नाकाच्या पहिल्या फॉर्मरपासून पंखाच्या लीडिंग एजपर्यंत (पुढच्या कडेपर्यंत) दोन्ही बाजू आतून १ मिमी बाल्साने मढवाव्यात. त्यातून बॅटरीची पेटीही तयार होते आणि उतरताना नाक आपटलं तर धडही वाचतं. बॅटरीचा तळ धडाच्या तळापासून ३ मिमी वर ठेवावा, म्हणजे खालून हवा खेळते. दोन सेलची १८० एमएएच बॅटरी साधारण ४० मिमी लांब असते. पेटी मात्र ६० मिमी लांब करावी. ते वीस मिमी तोल साधायला लागतात.

बॅटरी बदलायला झाकण खालच्या बाजूला, लँडिंग गिअरच्या पुढे. पुढच्या कडेला लाकडी जीभ आणि मागच्या कडेला ३ मिमीचं निओडिमियम चुंबक. सुटा पंख करून वरून बॅटरी घालायची कल्पना आकर्षक वाटते, पण त्यासाठी लागणारी चौकट, खुंट्या आणि रबर मिळून तीन-चार ग्रॅम जातात. इतक्या लहान विमानात पंख धडाला चिकटवून टाकलेलाच बरा.

मोटार: कोणती, आणि कोणती नाही

बाजारात लहान ब्रशलेस मोटारी मुबलक मिळतात त्या रेसिंग ड्रोनच्या. त्यांचा केव्ही, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे, ७,००० ते १०,००० असतो. त्या दोन-तीन इंची पंख्यासाठी बनलेल्या असतात. त्यांना पाच इंची प्रॉपेलर लावला की मोटार मिनिटभरात भाजते. या विमानाला उलट हवं: मोठा प्रॉपेलर, कमी फेरे.

विमानाचा स्टॉल वेग ताशी १९ किमी. प्रॉपेलरचा पिच वेग याच्या सव्वादोन ते अडीच पट, म्हणजे ताशी ४३ ते ४८ किमी असावा. ५×३ चा, म्हणजे पाच इंच व्यासाचा, प्रॉपेलर एका फेऱ्यात तीन इंच पुढे सरकतो. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना ते ताशी ४६ किमी होतात. दोन सेलचे ७.४ व्होल्ट आणि ओझ्याखाली ७० टक्के फेरे धरले, तर २००० केव्हीची मोटार बरोबर तिथेच येते: २००० × ७.४ × ०.७ = १०,३६०. तेवढ्या फेऱ्यांना हा प्रॉपेलर जमिनीवर ९० ते १०० ग्रॅमच्या आसपास ओढ देतो, आणि बॅटरीतून दोन अँपिअरच्या आगेमागे प्रवाह जातो. साधारण १५ वॉट. ही कमाल आहे. सपाट उडायला याच्या निम्मंसुद्धा लागत नाही. उडताना सरासरी ०.९ अँपिअर धरले आणि बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरला, तर नऊ मिनिटं मिळतात. टायमर सातवर लावावा.

१० ग्रॅमच्या आसपासची, १.५ किंवा २ मिमी शाफ्टची आउटरनर (बाहेरचं कवच फिरणारी ब्रशलेस मोटार) या वर्गात मिळते. याहून हलका पर्याय म्हणजे ८.५ मिमीची गिअर लावलेली कोअरलेस मोटार आणि एका सेलची बॅटरी. ६० ग्रॅमच्या आतल्या विमानाला ती शोभते. ८० ग्रॅमला तिच्यात वाऱ्यातून परत यायचं बळ उरत नाही, आणि नाकात हवं असलेलं वजनही ती देत नाही. या सेस्नाच्या बाबतीत दहा ग्रॅमची मोटार नाकात असणं हा फायदा आहे.

पहिला फॉर्मर काढून त्या जागी १.५ मिमी प्लायवूड बसवावं. ४० मिमी चौकोन दीड ग्रॅमचा भरतो. मोटारीमागे मोठं भोक पाडलं की वजन एक ग्रॅमवर येतं आणि वायरीही तिथून जातात. मोटारीचा अक्ष ३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे वळवावा. कोनमापक लागत नाही: बैठकीच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंत १६ मिमी अंतर असेल तर वरच्या स्क्रूखाली ०.८ मिमी जाडीची चकती म्हणजे ३ अंश, आणि डाव्या स्क्रूखाली ०.५ मिमी म्हणजे जवळपास २ अंश. या चकत्या चिकटवू नयेत, पहिल्या उड्डाणांनंतर त्या बदलाव्या लागतात. किटच्या प्लास्टिक काउलला पुढे जेवढं भोक, त्याच्या दुप्पट वाट मागे खालच्या बाजूला ठेवावी. आत आलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर मोटार आणि कंट्रोलर दोन्ही तापतात.

प्रॉपेलर थेट शाफ्टवर आवळण्यापेक्षा रबरी रिंगेच्या प्रॉप सेव्हरवर बसवावा. गवतात नाक टेकलं की प्रॉपेलर सुटतो आणि शाफ्ट सरळ राहतो. प्रॉपेलरवरची अक्षरं विमानाच्या पुढच्या बाजूला दिसली पाहिजेत. उलटा बसलेला प्रॉपेलर फिरतो, आवाजही करतो, पण ओढ इतकी घटते की विमान हातातून सुटून सरळ गवतात जातं, आणि दोष मोटारीला दिला जातो.

शेपटी आणि तिच्या हालत्या कडा

तीन चॅनेल: थ्रॉटल (मोटारीचा वेग), रडर (उभ्या शेपटीची हालती कड), एलेव्हेटर (आडव्या शेपटीची हालती कड). एलेरॉन (पंखांच्या हालत्या कडा) घालू नयेत. दोन जादा सर्वो आणि कापलेले पंख यांचा भार या आकाराला झेपत नाही, आणि उंच पंखाचं सेस्ना रडरवर सुंदर वळतं.

आराखड्यातली शेपटी अखंड असते, ती दुभागायची. स्टॅबिलायझरच्या (आडव्या शेपटीच्या) रुंदीचा मागचा तिसरा हिस्सा एलेव्हेटर. बिजागरीच्या रेषेवर एक काडी पुढे आणि एक मागे, मध्ये अर्धा मिमी फट. मागच्या काडीची पुढची कड ४५ अंशात घासावी. एलेव्हेटरचे दोन भाग ०.८ मिमी पियानो वायरने जोडावेत, आणि ती वायर धडात अडकत नाही ना ते कागद लावायच्या आधी पाहावं. बिजागरीला औषधाच्या दुकानातला पारदर्शक सर्जिकल टेप पुरतो: ६ मिमी रुंद पट्ट्या, प्रत्येक भागाला तीन, एकाआड एक वरून आणि खालून. सायनो डिंकाच्या बिजागऱ्या या आकाराला इतक्या ताठ होतात की दोन ग्रॅमचा सर्वो त्या वाकवताना गुरगुरत राहतो.

पुशरॉडला ०.८ मिमीची कार्बन काडी: मीटरला ०.८ ग्रॅम. तेवढ्याच जाडीची पोलादी तार मीटरला ४ ग्रॅम भरते. दोन पुशरॉड मिळून अर्धा मीटर होतो, म्हणजे तारेने दीड ग्रॅमहून जास्त लादला जातो, तोही मागच्या बाजूला. कार्बनच्या टोकांना अर्ध्या मिमीच्या तारेचे आकडे दोऱ्याने बांधून, सायनो टाकून घट्ट करावेत. लांब काडी दाबली की धनुष्यासारखी वाकते, म्हणून दर ६० मिमीला एका फॉर्मरवर आधार हवा. कान साफ करायच्या काडीची प्लास्टिक नळी ५ मिमी तुकड्यांत कापली की हे आधार तयार होतात.

सर्वो पंखाखाली, गुरुत्वमध्याच्या किंचित मागे, दोन आडव्या पट्ट्यांवर. इथे एक महागाची चूक वारंवार होते. दीड-पावणेदोन ग्रॅमचे काही लिनिअर सर्वो एका सेलच्या बॅटरीसाठी, ४.२ व्होल्टपर्यंतच, बनवलेले असतात. दोन सेलच्या स्पीड कंट्रोलरमधून रिसीव्हरला ५ व्होल्ट मिळतात. असा सर्वो टेबलावर चालतो, थरथरतो आणि हवेत गप्प होतो. सर्वोवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात ५ व्होल्ट स्पष्ट लिहिलेले नसतील तर तो घेऊ नये.

पंख

रबरावर उडणाऱ्या विमानाचा पंख सरळ उड्डाणापुरता मजबूत असतो. ट्रान्समीटरवर मात्र कोणीतरी एलेव्हेटर जोरात ओढणारच. डाइव्हमधून बाहेर येताना विमानाचं वजन तिप्पट भासतं असं धरलं तर प्रत्येक पंखावर १२० ग्रॅम, आणि तो भार सरासरी १३० मिमी बाहेर. वर आणि खाली ३×१.५ मिमीच्या दोन काड्या, मध्ये ८ मिमी उंची, अशा स्पारवर दर चौरस मिमीला साडेचार न्यूटनहून कमी ताण येतो. मध्यम बाल्सा याच्या दुपटीहून जास्त सोसतो. म्हणून रिबांत (पंखाच्या फासळ्यांत) नव्या खाचा पाडून हा जोडस्पार घालावा, आणि धडाजवळच्या पहिल्या दोन घरांत दोन्ही काड्यांमध्ये उभ्या रेषांचा १ मिमी बाल्सा भरावा. बाहेरच्या घरांना त्याची गरज नाही. मधल्या जोडाला ०.८ मिमी प्लायवूडचा व्ही आकाराचा तुकडा, स्पारच्या दोन्ही बाजूंना.

पंखांचे तिरके आधार केवळ शोभेचे ठेवू नयेत. दोन्ही टोकं नीट चिकटवली तर जोडावरचा बराचसा भार ते घेतात, आणि पंखाचा पीळही आवरतात.

एलेरॉन नाहीत, म्हणून वळण डायहेड्रलवर अवलंबून आहे. प्रत्येक पंख ५ अंश उचलावा: ३०५ मिमी अर्ध्या पंखाला टोक २६ मिमी वर. आराखड्यात कमी दिलं असेल तर वाढवावं. जमिनीवर डोळ्याला थोडं जास्त वाटतं, हवेत दिसत नाही. दोन्ही टोकांना २ अंश वॉशआउट, म्हणजे बोर्डवर पिनांनी पंख अडकवताना शेवटच्या रिबखाली ट्रेलिंग एज (मागची कड) अडीच मिमी उचलायची. यामुळे स्टॉलमध्ये टोक आधी पडत नाही. उलट पीळ, ट्रेलिंग एज खाली आलेली, एका पंखात एक मिमीही राहिला तर विमान त्या बाजूला अचानक गिरकी घेतं, आणि ट्रिम (ट्रान्समीटरवरची बारीक दुरुस्ती) बदलून तो दोष जात नाही.

कागद, डोप आणि दमट हवा

या विमानाला झाकायला एकूण साधारण १८ चौरस डेसिमीटर पृष्ठ लागतं. चौरस मीटरला ६० ग्रॅमची नेहमीची प्लास्टिक फिल्म वापरली तर जवळपास ११ ग्रॅम झाले. चांगला जपानी टिश्यू १२ ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास, वर डोप दीड-दोन ग्रॅम. टिश्यूशिवाय ८० ग्रॅम गाठता येत नाहीत. किटमधला टिश्यू तोलून पाहावा. जड निघाला तर दुसरा आणावा.

पंखाचा आणि धडाचा टिश्यू रेषा लांबीच्या दिशेने ठेवून, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवायचा, मग पाण्याचा फवारा मारून ताणायचा. पंख सुकेपर्यंत बोर्डवर वॉशआउटच्या आधारासकट अडकवून ठेवायचा. शेपटीला ही पद्धत चालत नाही. १.५ मिमीच्या काड्यांची शेपटी ओल्या टिश्यूने ओढून पापडासारखी वाकते. तिच्यासाठी टिश्यू आधी एका फोटोफ्रेमवर ताणून, फवारून, सुकवून घ्यावा आणि मग तोच लावावा. नंतर पाणी मारायचं नाही.

डोपसाठी हार्डवेअरच्या दुकानातला एनसी क्लिअर लॅकर निम्म्याहून जास्त थिनर घालून चालतो. सँडिंग सीलर नको, त्यातली पूड वजन वाढवते. ५० मिलीला चार-पाच थेंब एरंडेल घालावं. ते डोपला मऊ ठेवतं आणि महिन्यांनी येणारा पीळ रोखतं. दोन हात पुरे, शेपटीला एकच. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळ ज्योत नको.

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर डोप लावणं टाळलेलंच बरं. थिनर उडताना पृष्ठ थंड होतं, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि डोप पांढरट पडतो. पडलाच, तर कोरड्या दिवशी नुसत्या थिनरचा पातळ हात फिरवल्यावर तो बराचसा निवळतो. पावसाळ्यात टिश्यू सैल पडलेला दिसला म्हणून घाबरून पुन्हा ताणू नये. ऑक्टोबरमध्ये तो स्वतः ताणला जातो, आणि तेव्हा जास्तीचा ताण शेपटी वाकवतो.

रंग फवाऱ्याने अजिबात नको. रंगीत टिश्यूच्या पट्ट्या थिनरने चिकटवल्या तर नक्षीचं वजन काट्यावर कळतही नाही.

जोडणी

प्रॉपेलर न लावता मोटार फिरवून पाहावी. उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी आपसात बदलायच्या. कंट्रोलरच्या लांब वायरी हव्या तेवढ्याच ठेवून कापाव्यात. यात अर्धा ग्रॅम सहज वाचतो. ब्रेक बंद, आणि व्होल्टेज घसरल्यावर मोटार एकदम तोडण्याऐवजी हळूहळू कमी होईल अशी मांडणी. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरच्या अँटेनाचा शेवटचा ३१ मिमी भाग उघडा असतो. तो सरळ, आणि कार्बनच्या पुशरॉडला समांतर न जाता आडवा राहावा. रिसीव्हर सर्वोच्या मागे बसतो. तीन ग्रॅमचाच असल्याने तिथे चालतो.

हालचाल एलेव्हेटरला वर-खाली ६ मिमी, रडरला १० मिमी, दोन्हींना ३० टक्के एक्स्पो (काठी मध्याजवळ असताना हालचाल मंद ठेवणारी मांडणी).

तोल, मग ग्लाइड, मग मोटार

गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या २५ ते २८ टक्क्यांवर, म्हणजे लीडिंग एजच्या २१ ते २३ मिमी मागे. बॅटरी १० मिमी सरकवली की गुरुत्वमध्य दीड मिमीहून थोडा जास्त सरकतो, म्हणजे दोन टक्के. यावरून शिसं लागणार की बॅटरी सरकवून भागणार, ते पट्टीवरच कळतं. पंख आणि स्टॅबिलायझर यांच्यातला कोन २ ते ३ अंश असावा, पंख वर.

पहिला ग्लाइड गुडघाभर गवतावर, पहाटे, वारा ताशी आठ किमीपेक्षा कमी असताना. मोटार बंद, बॅटरी जागेवर. विमान डोक्याच्या उंचीवरून, नाक क्षितिजाच्या किंचित खाली, भाल्यासारखं न फेकता पुढे ढकलायचं. नाक वर काढून थबकलं आणि पडलं तर ते शेपटीला जड आहे, किंवा जोरात फेकलंय. आधी पुन्हा मंद फेकून खात्री करावी. सरळ खाली गेलं तर नाक जड. एलेव्हेटरच्या ट्रिमला हात लावण्याआधी बॅटरी ३ ते ५ मिमी सरकवावी. तोल चुकीचा असताना ट्रिमने सावरलेलं विमान एका वेगाला बरं उडतं, दुसऱ्याला नाही.

ग्लाइड सलग तीनदा सारखा आला की थ्रॉटल दोन तृतीयांश, आणि हातातून सोडायचं. इथे दोष ओळखायची एकच कसोटी आहे: मोटार चालू असताना आणि बंद असताना विमान वेगळं वागतं का? बंद असताना छान तरंगतं आणि थ्रॉटल दिला की नाक वर करून लटकतं, तर वरच्या स्क्रूखालची चकती जाड करायची. थ्रॉटलवरच डावीकडे ओढतं, तर डावीकडची. दोन्ही वेळा एकाच बाजूला ओढत असेल तर पंखाला पीळ आहे, आणि तो वाफेवर धरून, उलट वाकवून, थंड होईपर्यंत हातात ठेवूनच जातो.

वळणात नाक खाली जाऊन विमान गोल-गोल उतरू लागलं तर रडर सोडून थोडा एलेव्हेटर. पुरेशा डायहेड्रलचं विमान दोन सेकंदांत स्वतः सरळ होतं. होत नसेल तर डायहेड्रल कमी पडलंय, आणि तिरके आधार सोडवून, पंखाचा मधला जोड चिरून तो वाढवण्यापलीकडे उपाय नाही.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यान नॅनो वर्गात येतं. पण वजन कमी आहे म्हणून विमानतळाजवळ उडवायची मुभा मिळत नाही. मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा.

उतरल्यावर बॅटरी काढून ठेवायची. ती दर सेलला ३.८ व्होल्टवर साठवावी, आणि चार्ज ०.१८ अँपिअरने, बॅलन्स लावून. पहिल्या दहा उड्डाणांनंतर तीन जागा भिंग लावून पाहाव्यात: मोटारीमागच्या प्लायवूडचा धडाशी असलेला जोड, लँडिंग गिअरची दोऱ्याने बांधलेली तार, आणि एलेव्हेटरच्या मधल्या वायरचे दोन्ही टेके. या तिन्ही ठिकाणी तडा केसाएवढा असतानाच पातळ सायनोचा एक थेंब त्यात शिरतो आणि काम भागतं.